दशांश सर

कोल्हापुरात पत्ता विचारण्यात कमीपणा नाही. बिंदू चौकात उभं राहून भवानी मंडप कुठं म्हणून विचारलं, तरी समोरचा हसत नाही. ‘चला की, तिकडंच निघालोय’ म्हणत निम्म्या वाटेपर्यंत सोडायला येतो. पण याच गावात एखाद्या प्राध्यापकानं कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन ‘या विषयावरचं साहित्य शोधायचं कसं?’ असं चारचौघांत विचारल्याचं कुणी ऐकलेलं नाही. प्राध्यापकाला पुस्तक माहीत असतं, लेखक माहीत असतो, लेखकाबरोबर कुठल्या संमेलनात चहा घेतला तेही माहीत असतं. पुस्तक सापडलं नाही तर दोष ग्रंथालयाचा. विद्यार्थ्याचं त्याहून सोपं आहे. त्याला शोधायचंच नसतं, नोट्स हव्या असतात. या दोन्ही जमातींना शोधायला शिकवण्याची जबाबदारी ज्यांच्या गळ्यात पडली आहे, ते आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल. सगळे त्यांना दशांश सर म्हणतात.

दशांश सरांचा शर्ट हाफ बाह्यांचा, खिशात दोन पेनं आणि एक पेन्सिल. पेन्सिल यासाठी, की ग्रंथालयाच्या पुस्तकात पेननं लिहिणारा माणूस त्यांच्या लेखी गुन्हेगार. चालताना त्यांचा डावा हात कायम पुस्तकांच्या कण्यांवरून फिरत असतो. बोलणं तुमच्याशी चालू असतं, पण हात एक पुस्तक उपसून दोन जागा पुढं सरकवत असतो. ही खोड ते बाहेरही बरोबर नेतात. एका सहकाऱ्याच्या वास्तुशांतीला गेले असता जेवणाची पंगत बसेपर्यंत त्यांनी यजमानांचं शोकेस लावून टाकलं. पोथ्या २९४ म्हणून वरच्या फळीवर, स्वयंपाकाची पुस्तकं ६४१ म्हणून खालच्या. यजमानीणबाईंना त्यानंतर आठवडाभर लोणच्याची कृती सापडली नाही. ‘आता सापडायला सोपी आहे, वहिनी,’ एवढंच ते म्हणाले.

ग्रंथपाल हा प्राध्यापकांच्या वेतनश्रेणीत बसतो, पण स्टाफरूममध्ये बसत नाही. त्याला अभ्यासक्रम नाही, पेपर तपासायचे नाहीत, टाइमटेबलात तास नाही. शिकवण्याचं काम मात्र आहे. ‘वापरकर्ता प्रशिक्षण’ असं त्याचं कागदोपत्री नाव. मग तास मिळतो कधी? कुणी आजारी पडलं की. पहिल्या वर्षाच्या वर्गात शिक्षक आले नाहीत की शिपाई धावत ग्रंथालयात येतो, आणि दशांश सर रजिस्टर मिटून, हातात खडू घेऊन निघतात. त्यामुळं त्यांचा अभ्यासक्रम दुसऱ्यांच्या तापावर चालतो. श्रावणात सर्दी-खोकल्याची साथ आली की दोन प्रकरणं पुढं सरकतात. थंडीत सगळे ठणठणीत असले की ते उदास दिसतात.

वर्गात शिरले की पहिली पाच मिनिटं कोल्हापूरची. ‘तुम्ही कुठल्या गावात बसलाय, माहीत आहे का?’ असं विचारून ते फळ्यावर आकडे लिहू लागतात. १८५०, आपलं करवीर नगर वाचन मंदिर. मुंबईत विद्यापीठ निघायच्या सात वर्षं आधी. १८८०, राजाराम कॉलेज. १९४५, कोल्हापूर संस्थानाचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा. इथं ते खडू खाली ठेवतात. ‘देशातला पहिला! मद्रासनं १९४८ साली केला. आपल्या महाराष्ट्रानं १९६७ साली. देश स्वतंत्र व्हायच्या आधी या गावानं ग्रंथालयाचा कायदा केला होता!’ मागच्या बाकावरून ‘जगात भारी, कोल्हापुरी!’ अशी आरोळी येते. तिचा ते राग मानत नाहीत. उलट त्या मुलाला उभं करून म्हणतात, ‘बरोबर. आता सांग, तू शेवटचं पुस्तक कधी नेलंस?’ मुलगा बसतो.

मग दशांश. ग्रंथालयातली पुस्तकं मेल्विल ड्यूई नावाच्या अमेरिकन माणसाच्या पद्धतीनं लावलेली असतात. १८७६ साली तिचं पहिलं पुस्तक निघालं तेव्हा ते अवघं ४४ पानांचं होतं. सगळं ज्ञान दहा वर्गांत, प्रत्येक वर्गाचे दहा भाग, प्रत्येक भागाचे पुन्हा दहा, आणि पुढं टिंब देऊन हवं तितकं खोल. ऊस ६३३.६१ ला, कुस्ती ७९६.८१२ ला, चप्पल ६८५.३१ ला. ‘म्हणजे ऊस, तालीम आणि कोल्हापुरी चप्पल, तिघांचीही सोय झालेली आहे,’ असं ते सांगतात. एका गोष्टीवर मात्र त्यांचं ड्यूईशी कायमचं वाकडं आहे. इंग्रजी साहित्याला अख्खं ८२० आणि मराठी साहित्याला ८९१.४६! ८९० म्हणजे ‘इतर भाषा’. त्या इतरांत पुन्हा टिंब आणि टिंबाच्या पुढं आम्ही. ‘ज्ञानोबा-तुकोबा टिंबाच्या पुढं!’ असं म्हणताना त्यांचा आवाज चढतो. ड्यूईवर सूड म्हणून त्यांनी ८९१.४६ चं कपाट दारातून आत आल्याबरोबर पहिलं दिसेल असं लावलं आहे आणि ८२० जिन्याखाली नेलं आहे. इंग्रजी विभागानं दोनदा लेखी तक्रार केली. दोन्ही तक्रारी ०२५ ला फाइल झाल्या. ०२५ म्हणजे ग्रंथालय व्यवस्थापन.

पोरांची अडचण वेगळीच असते. ८९१.४६३ आधी की ८९१.५ आधी? ‘चारशे त्रेसष्ट मोठं की पाच?’ असं म्हणून वर्ग एकमतानं ५ आधी लावतो. इथं दशांश सरांची राजारामपुरी येते. राजारामपुरीतल्या गल्ल्या पहिली, दुसरी, तिसरी अशा आकड्यांनीच ओळखल्या जातात, आणि शहरातला प्रत्येक मुलगा तिथं क्लासला नाहीतर कपडे घ्यायला गेलेला असतो. ‘समजा, ही ८९१ वी गल्ली. टिंबानंतरचा पहिला आकडा म्हणजे बोळ. चौथा बोळ. त्यात सहावं घर. त्या घरात तिसरी खोली. आता चौथ्या बोळातल्या घरात खोल्या कितीही असू देत, पाचवा बोळ तिच्या आधी येईल का?’ वर्गाच्या डोक्यात प्रकाश पडतो. मग एखादा गणिताचा मुलगा विचारतो, ‘सर, बोळात अकरावं घर असलं तर?’ ‘ड्यूईच्या राजारामपुरीत बोळात दहाच घरं. शून्यापासून नऊपर्यंत.’ ‘शून्यावं घर कुणाचं?’ ‘वॉचमनचं.’ ही सगळी वस्ती त्यांनी इतक्या वेळा बांधली आहे, की त्यांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठं उरलेलं नाही.

तास संपता संपता ठरलेला प्रश्न येतो, ‘सर, हे परीक्षेला येतंय का?’

‘नाही.’

‘मग वायफायचा पासवर्ड?’

पासवर्ड ते सांगतात. रंगनाथन यांच्यावर त्यांची श्रद्धा आहे आणि वाचकाचा वेळ वाचवावा असं रंगनाथन यांच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र सांगतं. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि रिकाम्या ग्रंथालयात इतके कंटाळले, की परत वर्गावर पाठवा म्हणून मागं लागले. पुढं इंग्लंडला जाऊन आले आणि मग त्या खुर्चीतून उठायला तयार होईनात. दशांश सर ही गोष्ट फार आवडीनं सांगतात. ती ऐकून एकाही गणिताच्या प्राध्यापकानं अजून खुर्ची बदललेली नाही, हा भाग वेगळा. १२ ऑगस्टला, रंगनाथन यांच्या जयंतीला, ग्रंथपाल दिन असतो. त्या दिवशी सर स्वखर्चानं पेढे वाटतात आणि पेढा हातात पडायच्या आधी पाचही सूत्रं ऐकावी लागतात.

पण रंगनाथन यांच्या चौथ्या सूत्राचा कॉलेजातला खरा अनुयायी म्हणजे देवघेव काउंटरवरचे मामा. मामांनी ड्यूई वाचलेला नाही. त्यांची पद्धत रंग, जाडी आणि शिक्षक या तीन खांबांवर उभी आहे. ‘इकॉनॉमिक्सचं हिरवं’, ‘भूगोलाचं जाडं’, ‘मोठ्या मॅडम सांगतात ते’. एवढं म्हटलं की मामा डोळे मिटून उठतात आणि पुस्तक घेऊन येतात. सरांनी एकदा पहिल्या वर्षासाठी शोधाचा खेळ घेतला. प्रत्येक गटाला वर्गांकाची चिठ्ठी, कपाटातून पुस्तक आणणारा पहिला गट जिंकला. सगळे गट चार मिनिटांत हजर. सगळ्यांनी चिठ्ठी मामांच्या हातात दिली होती. एकच मुलगी अर्ध्या तासानं धुळीनं भरलेले हात घेऊन आली आणि म्हणाली, ‘सर, मी एकटीच गेलो! कुणालाबी विचारलो नाही!’ सरांनी पहिलं बक्षीस तिला दिलं. बाकीच्यांनी आरडाओरडा केला, की शेवटी येणाऱ्याला पहिलं बक्षीस कसं. त्यावर सर म्हणाले, ‘ती पुस्तकापर्यंत गेली. तुम्ही मामांपर्यंत गेलात.’

नंतर त्यांनी मामांना बाजूला घेतलं. ‘मामा, पोरांना जरा शोधू द्या.’

‘आता बघा सर, पोरगं दारात येऊन मागतंय, मला ठावं हाय कुठं हाय ते, आणि मी न्हाई म्हणू? पाप लागंल की.’

वाचकाचा वेळ वाचवणाऱ्या माणसाला रंगनाथन यांचा भक्त काय उत्तर देणार? सर गप्प बसले. मामांचा पराभव फक्त उन्हाळ्यात होतो. फाटलेली पुस्तकं तेव्हा बाइंडिंगला जातात आणि हिरवं, निळं, जाडं असं सगळं एकाच तपकिरी रंगाचं होऊन परत येतं. जूनमध्ये पंधरा दिवस मामा ड्यूईला शरण असतात. त्या पंधरा दिवसांत दशांश सरांच्या चेहऱ्यावर जे तेज असतं, ते पगारवाढीनंही आलेलं आम्ही पाहिलेलं नाही.

विद्यार्थी हे सोपं प्रकरण. अवघड प्रकरण प्राध्यापकांचं.

वर्षातून एकदा शनिवारी ‘प्राध्यापकांसाठी ई-साधनांची कार्यशाळा’ असते. निमंत्रणपत्रिका छापील, कारण मेलवर पाठवलं तर ‘मिळालं नाही’ म्हणतात. विद्यार्थी विचारतात ‘परीक्षेला येतंय का?’ आणि प्राध्यापक विचारतात ‘सर्टिफिकेट आहे का?’ प्रश्न एकच, फक्त वय वाढलेलं. येतात नऊ जण. त्यांतले काही सर्टिफिकेटसाठी, काही नाश्त्यासाठी. एक ज्येष्ठ सर मात्र दरवर्षी मार्गदर्शन करण्यासाठी येतात. ते पहिल्याच रांगेत बसून जाहीर करतात, ‘आम्हाला काय शिकवता? आमचं आयुष्य ग्रंथालयात गेलं.’ त्यांच्या नावावर शेवटचं पुस्तक कधी गेलं, हे त्या क्षणी सभागृहात एकाच माणसाला माहीत असतं. पण देवघेवीचं रजिस्टर दशांश सर डॉक्टरच्या गुप्ततेनं सांभाळतात. ते नम्रपणे मान हलवतात आणि म्हणतात, ‘म्हणूनच तुम्हाला बोलावलं, सर.’

या कार्यशाळांतून कुणी काही शिकल्याचा पुरावा नाही. ते सरांना पक्कं ठाऊक आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या अर्लहॅम कॉलेजात इव्हान फार्बर नावाचे ग्रंथपाल होऊन गेले. ते तिथं रुजू झाले १९६२ साली. ज्या वर्षी नोव्हेंबरात राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते आपल्या शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं, तेच वर्ष. हा योगायोग सर कुणालाही सोडत नाहीत. फार्बर यांनी ओळखलं होतं, की ग्रंथालय नुसतं दाखवून उपयोग नाही. आधी प्राध्यापकाला गाठायचं, त्याच्या विषयाचा गृहपाठच असा बेतायचा की शोधल्याशिवाय तो पुरा होऊ नये, आणि त्या गृहपाठाच्या बेतानं मुलांना शिकवायचं. हे तिथं चाललं, कारण तिथं प्राध्यापक ग्रंथपालाशी बसून बोलत. कोल्हापूरच्या हवेला मानवेल अशी दुरुस्ती दशांश सरांनी त्यात केली. प्राध्यापकाला शिकवायचं, पण शिकवतोय हे त्याला कळू द्यायचं नाही.

त्यासाठी ते अडाणी होतात. स्टाफरूमच्या दारात उभे राहून लॅपटॉप उघडतात आणि चेहरा पाडून म्हणतात, ‘मॅडम, जरा बघता का? तुमच्या विषयातला शब्द आहे, मला काही कळेना. इथं नेमकं काय टाकायचं?’ मॅडम प्रसन्न होतात. अज्ञानी माणूस दिसला की प्राध्यापकाला भरतं येतं. ‘अहो, असं नाही, दोन शब्द अवतरणात टाका.’ ‘असं होय! आणि साल कुठं घालायचं?’ ‘इथं बाजूला असेल बघा.’ ‘अरे वा, आहे की!’ अर्ध्या तासात मॅडमनी सरांना सगळं शिकवलेलं असतं. त्यातलं बहुतेक त्यांना स्वतःलाही तोवर माहीत नव्हतं. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत कोल्हापूरचं स्पेलिंग एकाच तऱ्हेचं नसतं, ‘करवीर’ म्हणूनही शोधावं लागतं, हे आमच्या इतिहास विभागानं ग्रंथपालांना असंच शिकवलं. इतिहास विभाग ते अभिमानानं सांगतो.

गुळाची गोष्ट तर कॉलेजात प्रसिद्ध आहे, अर्थात ज्यांना खरी माहीत आहे त्यांच्यात. एक मुलगी कोल्हापूरच्या गूळउद्योगावर पीएच.डी. करत होती. वडिलांचं स्वतःचं गुऱ्हाळ. गुऱ्हाळं बंद का पडताहेत, चुलाणाचं जळण कसं वाचवता येईल, असा चांगला विषय. तिनं ‘गुळ’, ‘गूर’, ‘जॅगरी’ असे सगळे शब्द टाकून पाहिले. जे थोडंफार निघालं ते आधीच्या प्रबंधांतही होतं. तिच्या मार्गदर्शकांचं म्हणणं, ‘या विषयावर जगात काम झालेलंच नाही. तू पहिली.’ पीएच.डी. करणाऱ्याला हे वाक्य फार गोड लागतं. तिनं ते प्रस्तावनेत घालून टाकलं.

दशांश सरांनी प्रस्तावना वाचली आणि ते अस्वस्थ झाले. जगात ऊस पिकतो आणि कुणी रस आटवत नाही, हे त्यांना पटेना. दोन दिवस त्यांनी काउंटर मामांवर सोपवलं. मग मुलीला बोलावून एका चिठ्ठीवर दोन शब्द लिहून दिले, ‘नॉन-सेंट्रिफ्युगल शुगर’ आणि ‘पनेला’. कारखान्यात यंत्रात गरगर फिरवून साखरेपासून मळी वेगळी काढतात. गुळात ती वेगळी काढतच नाहीत, म्हणून शास्त्राच्या भाषेत त्याचं हे नकारार्थी नाव. आणि कोलंबियात लोक जो गूळ खातात तो पनेला. भारताखालोखाल जगात सर्वांत जास्त गूळ तिथंच होतो. मुलीनं ते शब्द टाकले आणि पडदा भरून गेला. चुलाण, जळण, कढई, उष्णतेची गळती, लहान उत्पादकांचं अर्थकारण, सगळं. एका लेखात तिकडच्या गुऱ्हाळाचा फोटो होता. चरक, रांगेनं मांडलेल्या कढया, बाजूला चिपाडांचा ढीग. ती ओरडली, ‘सर, हे तर आमचंच गुऱ्हाळ!’ अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं ‘शूऽऽ’ म्हणाली. स्वतः दशांश सर, ज्यांनी हयातभर शांततेच्या पाट्या लावल्या, त्या पोरांना म्हणाले, ‘ओरडू द्या रे.’

आता प्रश्न मार्गदर्शकांचा. आपल्या विषयातला शब्द ग्रंथपालानं शोधून दिला, हे गुळाच्या तज्ज्ञाला कसं सांगायचं? सरांनी मुलीला सांगितलं, ‘तुमच्या सरांनीच मागं कधीतरी मला हा शब्द सांगितला होता, असं सांग.’ तिनं सांगितलं. मार्गदर्शकांनी क्षणभर विचार केला आणि त्यांना आठवलंसुद्धा! तोंडी परीक्षेच्या दिवशी ते भर सभेत म्हणाले, ‘मी हिला पहिल्यापासून सांगत होतो, कोलंबियाकडं बघ.’ दशांश सर शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

साधनं मिळत नाहीत, ही सबबही आता संपत चालली आहे. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ सुरू केली आणि सरकारी विद्यापीठं-संस्थांना सुमारे तेरा हजार नियतकालिकं उघडी झाली. ‘आपल्याकडं जर्नल्सच नाहीत हो’ या एका वाक्यावर कित्येकांचं संशोधन वर्षानुवर्षं सुखानं थांबलेलं होतं. सरकारनं त्यांच्या तोंडचा घास काढून घेतला. दशांश सर येईल त्याला सांगतात, ‘विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात जाऊन बसा, आपल्याकडून केएमटीची बस आहे.’ बसचा नंबरही सांगतात. तेव्हा कळतं, की पाय दुखणं ही सबब अजून शिल्लक आहे.

खरी गर्दी होते टक्क्यांच्या मोसमात. वाङ्मयचौर्यासंबंधीची यूजीसीची २०१८ ची नियमावली आली आणि दशांश सरांना अचानक वजन आलं. दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ. दहा ते चाळीस असेल तर सुधारून आणायला सहा महिन्यांपर्यंत मुदत. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर बंदी. साठच्या पुढं नोंदणीच रद्द. सॉफ्टवेअरचा आकडा काढून देणारे ग्रंथपाल. मग पाच वाजून गेल्यावर, काउंटरवर कुणी नाही असं बघून, एकेक प्राध्यापक आत येतात. भाजी मंडईत न जमणारी घासाघीस इथं होते. ‘एकवीसचं पंधरा तरी करा, पोरगा गरीब आहे.’ ‘सर, आकडा मशीन काढतं.’ ‘मग मशीनला सांगा की.’

पोरांनी यावर आपली युक्ती काढली आहे. शब्द बदलायचे. ऊसतोडणी कामगारांवरचा एक प्रबंध सरांच्या टेबलावर आला, त्यात ऊसतोडणी कामगार कुठंच नव्हते. होते ते ‘इक्षुदंड-कर्तन श्रमिक’. सहकारी साखर कारखान्याचं ‘सहयोगी शर्करा उद्योगालय’ झालं होतं आणि बैलगाडीची ‘वृषभ-शकटिका’. सरांनी तो मुलगा समोर बसवला. घरी कोण कोण असतं विचारलं. वडील उसाचीच गाडी भरतात म्हणाला. सर म्हणाले, ‘बाळ, हे पान वडिलांना वाचून दाखव. तू त्यांच्यावरच लिहिलंयस हे त्यांना कळलं, तर मी आत्ता सही करतो.’ मुलगा खाली बघत राहिला. मग सरांनी खुर्ची ओढली आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत त्याला शिकवलं. दुसऱ्याचं वाक्य घ्यावंसं वाटलं तर अवतरणात कसं घ्यायचं, विचार घेतला तर नाव कसं द्यायचं, आणि आपल्याला जे दिसलं ते आपल्या शब्दांत लिहायला भ्यायचं कशाला. मुलानं उसाला ऊस म्हणायला सुरुवात केली आणि आकडा आपोआप खाली आला. मामा कुलूप घेऊन दारात ताटकळत होते. ‘सर, वाचकाचा येळ वाचवायचा म्हन्तासा न्हवं?’ असं त्यांनी सुनावलं.

हल्ली नवं संकट आहे. मुलं संदर्भांची यादी घेऊन येतात. नावं भारदस्त, प्रकाशक पुण्याचा, साल, पानांचे आकडे, सगळं जिथल्या तिथं. फक्त पुस्तक जगात नाही. चॅटजीपीटीनं बसल्या जागी छापलेलं असतं. पहिली अशी यादी आली तेव्हा दशांश सरांनी तालिका पालथी घातली, विद्यापीठात फोन केला, वाचन मंदिरात स्वतः जाऊन आले. पुस्तक नाही म्हणायची त्यांची जीभ वळेना. मामांनी मात्र यादी हातात घेऊन विचारलं, ‘रंग कंचा?’ मुलाला सांगता आला नाही. ‘मग हे पुस्तक न्हाईच,’ मामा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मामांची पद्धत ड्यूईच्या पुढं गेली. सरांनी तो पराभव मोठ्या मनानं स्वीकारला आणि दुसऱ्याच आठवड्यात वर्गात नवा खेळ आणला, ‘खरं पुस्तक ओळखा’. यादी बघायची, उठायचं, कपाटापाशी जायचं, पुस्तक हातात घ्यायचं. हातात येईल ते खरं. पोरं पहिल्यांदाच मामांना वळसा घालून आत शिरली, कारण या वेळी मामांनाही ठाऊक नव्हतं.

ही बातमी स्टाफरूममध्ये पोचली आणि प्राध्यापकांची वर्दळ वाढली. पण कुणीच स्वतःसाठी येत नाही. सगळे ‘एका मित्रासाठी’ येतात. ‘माझा एक मित्र आहे, दुसऱ्या कॉलेजात. त्याच्या लेखातले दोन संदर्भ सापडेनात.’ सर मित्राचं नाव विचारत नाहीत. मित्राचा विषय विचारतात, मित्राचा लेख मागतात आणि समोरच्याला शेजारी बसवून म्हणतात, ‘मित्राला असं सांगा बघा...’

मधे नॅकची तयारी सुरू झाली. अंतर्गत गुणवत्ता कक्षानं ग्रंथालयाकडं मागणी केली, की प्राध्यापकांना दिलेल्या प्रशिक्षणाचा अहवाल द्या. उपस्थितीच्या सह्या, अभिप्राय आणि अक्षांश-रेखांशासह जिओटॅग फोटो. दशांश सर पेचात पडले. वर्षभर त्यांनी निम्म्याहून अधिक स्टाफला शिकवलं होतं, पण ज्याला शिकवलं त्यालाच ते माहीत नव्हतं. अशा प्रशिक्षणाचा फोटो कसा काढणार? अडाणीपणाचे अक्षांश कुठले लिहिणार? शेवटी शनिवारच्या कार्यशाळेचा फोटो लागला. नऊ प्राध्यापक, हातात चहाचे कप, मागं फलक. लाभार्थी : नऊ.

अभिप्रायाचे फॉर्मही गोळा झाले. पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठ सरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘उपक्रम स्तुत्य. मात्र असे कार्यक्रम विद्यार्थ्यांसाठी घ्यावेत. प्राध्यापकांना याची आवश्यकता नाही.’ दशांश सरांनी तो फॉर्म पंच केला, क्रमांक घातला, फाइलला लावला. मग खिशातली पेन्सिल काढून टेबलावरच्या डायरीत सोमवारच्या पानावर नोंद केली : ‘सायं. ५.३०. ज्येष्ठ सरांचे मित्र. लेख सोबत आणणार.’